पाण्याखालच्या छायाचित्रणात प्रखर दिवा हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच पाण्याखालच्या छायाचित्रणाविषयी एक सविस्तर लेख वाचला. दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला आणि हिवाळ्यात अंदमानला जाणाऱ्या नाशिककरांची वाढती संख्या पाहता असा लेख मराठी दैनिकात यावा याचा आनंद झाला. डायव्हिंगचे प्रशिक्षण, कॅमेऱ्याचे हाउसिंग (पाणी आत न शिरू देणारी पेटी) आणि लेन्सची निवड यांविषयीची त्यातली माहिती नेटकी होती. मात्र प्रकाशयोजनेच्या परिच्छेदात, वाइड अँगल लेन्सने मोठा परिसर टिपायचा असेल तर दिवा जितका प्रखर तितके चित्र स्पष्ट, अशा आशयाचे एक विधान होते. छायाचित्रण हा माझा व्यवसाय आहे आणि समुद्रात कॅमेरा नेणे ही जुनी हौस आहे, त्यामुळे या विधानाकडे काणाडोळा करणे मला जमले नाही. सुट्टीच्या तोंडावर त्या एका वाक्याच्या भरवशावर कोणी महागडे दिवे मागवील आणि मालवणहून परतल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेल्या हिरवट फोटोंचा दोष स्वतःच्या हातांना देत बसेल, अशी मला रास्त भीती वाटते.

पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते हे लेखात होते, पण ते केवळ खोलीच्या संदर्भात सांगितलेले होते. पृष्ठभागापासून पाचएक मीटर खाली गेल्यावर लाल रंग बहुतांशी नाहीसा होतो, त्याच्या पाठोपाठ नारिंगी आणि पिवळा फिका पडतो आणि पुढे निळ्या-हिरव्याखेरीज फारसे काही उरत नाही, इतके डायव्हिंगला जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. सहसा ध्यानात येत नाही ते हे की दिव्याच्या प्रकाशालाही हाच नियम लागू असतो, आणि तोही आडव्या अंतरात. अगदी शुद्ध पाण्यातसुद्धा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश दर मीटरला सुमारे २९ टक्के शोषला जातो. फ्लॅशचा प्रकाश आधी माशापर्यंत जातो आणि त्याच्या अंगावरून परत लेन्सकडे येतो. म्हणजे मासा एक मीटरवर असेल तर प्रकाशाचा प्रवास दोन मीटरचा होतो आणि त्यातला निम्मा लाल वाटेतच संपतो. हेच अंतर दोन मीटर केले की प्रवास चार मीटरचा होतो आणि जवळजवळ तीन चतुर्थांश लाल गेलेला असतो. आता दिव्याची ताकद दुप्पट केली तर त्याच्यातला लालही दुप्पट होतो आणि निळाही, त्यामुळे दोहोंचे एकमेकांशी असलेले प्रमाण जिथल्या तिथे राहते. चित्र उजळते, पण गेलेला रंग परत येत नाही. रंग हवा असेल तर अंतर कमी करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि लेखातल्या त्या विधानात नेमका हाच मुद्दा सुटलेला आहे.

वाइड अँगल लेन्स पाण्यात वापरायची ती सुद्धा मुख्यतः याच कारणासाठी. जमिनीवर आपण ही लेन्स दूर उभे राहून पुष्कळसे काही चौकटीत मावावे म्हणून लावतो. एखाद्या कार्यालयातली पंगत किंवा रामकुंडावरची गर्दी टिपताना ते ठीकच असते. पाण्याखाली तिचा उपयोग याच्या उलट आहे. विषयाच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर जाता यावे आणि तरीही त्याच्या मागचा खडक, वरचा पृष्ठभाग, सोबतचा डायव्हर हे सगळे चौकटीत राहावे, यासाठी ती असते. फिशआय ही अतिरुंद लेन्स चौकटीच्या कर्णाच्या दिशेने १८० अंशांचा पट्टा टिपते, त्यामुळे तीस सेंटिमीटरवरचे पोवळेसुद्धा भोवतालासकट येते. तेवढ्या अंतरावर मध्यम ताकदीचा स्ट्रोबही, म्हणजे पाण्याखाली वापरायचा सुटा फ्लॅशही, पुरून उरतो.

पाण्याखाली प्रकाश नेण्याची धडपड फार जुनी आहे. फ्रान्समध्ये लुई बूताँ यांनी १८९३ मध्ये समुद्रात छायाचित्रे घेतली आणि १८९९ मध्ये विजेचे आर्क दिवे वापरून ५० मीटर खोलीवर कॅमेरा चालवून दाखवला. पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी काढली, तेव्हा त्यांना पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली होती. त्या काळी फिल्मच्या जागी वापरायच्या रंगीत छायाचित्रणाच्या काचा प्रकाशाला इतक्या मंद होत्या की स्फोटाएवढा उजेड ही त्यांची गरजच होती. आजच्या सेन्सरची संवेदनशीलता कितीतरी पटींनी जास्त आहे. तेव्हा ताकदीचा तो सोस आता त्या पुडीबरोबरच मागे ठेवायला हरकत नसावी.

नाशिकहून जाणाऱ्या बहुतेकांचा पहिला समुद्र मालवणचा असतो, म्हणून तिथल्या पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर पोवळी आहेत, माशांची ये-जा भरपूर असते, खोलीही नवख्यांना झेपेल इतकी आहे, आणि १९८७ मध्ये या परिसराला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळालेला आहे. पण पाणी लक्षद्वीपसारखे नितळ नाही. कर्लीच्या खाडीतून येणारा गाळ, लाटांनी ढवळली जाणारी वाळू आणि प्लवकांची रेलचेल यांमुळे कित्येकदा तीन-चार मीटरपलीकडचे धूसर होते. अशा पाण्यात कॅमेऱ्याच्या शेजारी लावलेला प्रखर दिवा काय करतो हे कसारा घाटात धुक्यात गाडी चालवलेल्या कोणालाही वेगळे समजवावे लागणार नाही: हेडलाइटचा हाय बीम लावला की रस्ता दिसेनासा होतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. लेन्स आणि विषय यांच्या मधल्या पाण्यात तरंगणाऱ्या प्रत्येक कणावर प्रकाश पडतो, तो कण लेन्सकडे चमकतो आणि चित्रात चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसते. याला आमच्यात बॅकस्कॅटर म्हणतात. दिवा जितका जोरदार तितके हे कणही जोरात चमकणार, हे उघड आहे.

यावरचा उपाय दिव्याच्या जागेत आहे, आणि तो फुकट आहे. हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना बॉल जॉइंट (कुठेही वळणारे सांधे) असलेल्या दांड्या असतात, त्यांच्या टोकाला स्ट्रोब बसवतात. घड्याळाच्या तबकडीवर ९ आणि ३ च्या जागी, डोमपासून (लेन्सपुढच्या गोल घुमटाकार काचेपासून) शक्य तितके दूर आणि डोमच्या काचेच्या थोडे मागे, अशी त्यांची मांडणी करावी. स्ट्रोब डोमच्या पुढे आला तर त्याचा झोत थेट काचेवर पडतो आणि चित्रावर धुकट पडदा येतो. यापुढची गोष्ट नवख्या माणसाला उफराटी वाटते: स्ट्रोबचे तोंड विषयाकडे वळवायचे नसते. ते सरळ समोर, किंबहुना किंचित बाहेरच्या बाजूला वळवायचे. स्ट्रोबमधून प्रकाश शंकूच्या आकारात बाहेर पडतो. दोन्ही शंकूंच्या आतल्या कडा जिथे एकमेकींना भेटतात तिथे विषय यावा आणि त्याच्या अलीकडे, लेन्सच्या समोरचे पाणी अंधारात राहावे, असा यामागचा हिशेब आहे. तेथले कण अंधारात असले की ते चित्रात येत नाहीत. विषय दीड मीटरवर असेल तर दांड्या पूर्ण पसरायच्या. एखादे पोवळे डोमच्या अगदी पुढ्यात असेल तर त्या आत ओढून स्ट्रोब डोमच्या दोन्ही कानांशी आणायचे, नाहीतर दोन्ही शंकू विषयाच्या मागे जाऊन मिळतात आणि विषयाच्या मधोमध काळी पट्टी राहते. अंतर बदलले की मांडणी बदलायची. एका डायव्हमध्ये दांड्यांना हातच न लावणारी मंडळी मी पाहतो तेव्हा त्यांचे फोटो कसे असतील याचा अंदाज बोटीवरच येतो.

अनुभवी छायाचित्रकारांमध्ये एक ढोबळ नियम चालतो, तो असा की पाण्यात जितक्या अंतरापर्यंत दिसते त्याच्या एक पंचमांशाहून जवळ जाऊन फोटो काढावा. मालवणला दृश्यता चार मीटर असेल तर हे अंतर भरते ८० सेंटिमीटर. त्याच्या पलीकडच्या माशांच्या थव्याला फ्लॅशने उजळण्याचा नाद सोडून द्यावा, तो थवा सूर्यप्रकाशातच बरा दिसतो.

सूर्याचा उल्लेख आला तो महत्त्वाचा आहे, कारण वाइड अँगल चित्रात नेहमी दोन प्रकाश एकत्र काम करत असतात. चौकटीतला मोठा भाग हा दूरचे पाणी, खडकांच्या आकृती आणि वरचा उजेड यांनी व्यापलेला असतो, आणि तिथे जगातला कोणताही स्ट्रोब पोचत नाही. तो भाग सूर्य उजळतो. स्ट्रोबकडे फक्त पुढ्यातला मीटरभर मुलूख असतो. या दोहोंचे लगाम वेगवेगळे आहेत हे एकदा उमगले की निम्मे काम झाले. स्ट्रोबची चमक साधारण हजारांश सेकंदात आटोपते, त्यामुळे शटर १/६० सेकंद ठेवले काय आणि १/२०० सेकंद ठेवले काय, पुढच्या पोवळ्यावरच्या प्रकाशात फरक पडत नाही. फरक पडतो तो मागच्या पाण्याच्या उजळपणात. म्हणून पाणी गडद हवे असेल तर शटरचा वेग वाढवायचा, फिके हवे असेल तर उतरवायचा, आणि पोवळ्यावरचा उजेड स्ट्रोबच्या बटणाने कमी-जास्त करायचा. ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राच्या आकाराचा (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान), परिणाम दोन्हींवर होतो, त्यामुळे ते आधी ठरवून टाकावे. गोल डोममधून पाहताना चौकटीचे कोपरे सहजी स्पष्ट येत नाहीत, त्यामुळे एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान राहणे सोयीचे पडते.

प्रत्यक्षात हे कसे जुळते त्याचे एक उदाहरण देतो. किल्ल्याच्या बाजूला सहाएक मीटर खोलीवरचा एखादा खडक घ्या, त्याच्या माथ्यावर तपकिरी दिसणारी पोवळी आहेत आणि वर बोटीची सावली हलते आहे. प्रथम स्ट्रोब बंद ठेवून, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० आणि एफ ८ वर फक्त पाण्याचा फोटो घ्यावा आणि पाणी जरा गडद, पण काळे नाही, असे दिसेपर्यंत शटर बदलत जावे. १/१२५ च्या आसपास ते जमते असा माझा अनुभव आहे. मग खडकाच्या इतके जवळ सरकावे की डोम आणि पोवळे यांत दोन वितींचे अंतर राहील. आता दोन्ही स्ट्रोब पाव ताकदीवर चालू करावेत. पहिल्याच फोटोत तपकिरी वाटलेल्या पोवळ्यावर नारिंगी आणि जांभळी झाक उमटते, कारण ती तिथे होतीच, फक्त तिला दाखवणारा लाल प्रकाश सहा मीटर वरून येता येता संपला होता. डावी बाजू भडक वाटली तर तो स्ट्रोब हातभर मागे न्यावा किंवा त्याची ताकद एका टप्प्याने उतरवावी. या सगळ्यात स्ट्रोबची पूर्ण ताकद लागलेली नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

स्ट्रोबचे काम कॅमेऱ्यावर सोपवण्याची, म्हणजे टीटीएलची सोय हल्ली सर्रास असते. बारीक जीवांच्या अगदी जवळून घेतलेल्या छायाचित्रांत ती चांगली चालते. वाइड अँगलमध्ये मात्र चौकटीतल्या मोकळ्या पाण्यातून फ्लॅशचा प्रकाश परतच येत नाही. कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी पडला, तो आणखी प्रकाश मागतो, आणि पुढचा मासा पांढराफटक होतो. म्हणून ताकद हाताने ठरवावी.

अर्थात ताकदीचा उपयोगच नाही असे म्हणणे एकांगी होईल. चौकटीत सूर्याचे बिंब घ्यायचे असेल तर ॲपर्चर एफ १६ पर्यंत बंद करावे लागते आणि शटरही फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाला, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० ला न्यावे लागते. तेव्हा पुढचा विषय उजळायला स्ट्रोबचा सगळा दम लागतो. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात, भर दुपारी, मोठा समुद्रपंखा (पंख्याच्या आकाराचे पोवळे) खालून सूर्यासकट टिपणाऱ्या माणसाने खुशाल जबरदस्त स्ट्रोब घ्यावा. पण त्यालाही मी आधी झोताचा कोन विचारीन. फिशआयचा पट्टा इतका रुंद असतो की एका स्ट्रोबच्या सुमारे १०० अंशांच्या झोतात तो मावत नाही. एका फार ताकदवान स्ट्रोबपेक्षा दोन मध्यम, रुंद आणि एकसारखा प्रकाश देणारे स्ट्रोब घेतलेले बरे, हे माझे ठाम मत आहे. एकच परवडत असेल तर तो एका बाजूला न लावता कॅमेऱ्याच्या वर, १२ च्या जागी ठेवावा. वरून येणारा उजेड डोळ्यांना स्वाभाविक वाटतो, कारण सूर्यही वरूनच येतो.

स्ट्रोबच्या प्रकाशाचा रंग हा विषय लेखात अजिबात नव्हता. काही स्ट्रोबचा प्रकाश पिवळसर, उबदार असतो आणि काहींचा दुपारच्या उन्हासारखा पांढरा. उबदार स्ट्रोब वापरला की कॅमेऱ्याचा किंवा संगणकावरचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तेवढा थंड बाजूला न्यावा लागतो आणि त्यामुळे मागचे पाणी अधिक गडद निळे होते; म्हणून निळ्या समुद्रात जाणारे लोक असा स्ट्रोब पसंत करतात किंवा पांढऱ्या स्ट्रोबवर उबदार छटेचा डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारे झाकण) चढवतात. मालवणच्या हिरव्या पाण्यात हीच युक्ती केली तर पाणी धड हिरवेही राहत नाही आणि निळेही होत नाही, औषधाच्या बाटलीसारखी काहीतरी छटा येते. तिथे पांढरा स्ट्रोब वापरून पाणी हिरवेच राहू द्यावे. कोकणच्या समुद्राचा तो रंग आहे आणि तो पुसून मालदीवचा रंग चढवण्यात मला काही कौतुक वाटत नाही.

आता व्हिडिओ लाइटविषयी, कारण पुरवणीतला 'दिवा' बहुधा हाच असावा. ॲक्शन कॅमेरा घेऊन जाणारे बहुतेक जण एलईडीचे दिवे विकत घेतात, आणि चित्रफीत करायची असेल तर दुसरा पर्यायही नाही, कारण स्ट्रोब क्षणभरच चमकतो. पण जाहिरातीतल्या ल्युमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्याने हुरळून जाऊ नये. सतत जळणाऱ्या दिव्याला जो प्रकाश सेकंदभर वाटून द्यावा लागतो तो स्ट्रोब एका क्षणात ओततो, त्यामुळे उन्हाच्या वेळी उथळ पाण्यात स्थिरचित्रासाठी चांगल्यातला चांगला एलईडी दिवाही सूर्यापुढे फिका पडतो आणि हाताच्या अंतरापलीकडे त्याचा रंग जाणवत नाही. त्याचे खरे क्षेत्र म्हणजे कपारी, बुडालेल्या बोटींचे अंतरंग आणि रात्रीचा डायव्ह. रात्री मात्र प्रकाशाकडे बारीक जीव झुंडीने धावतात आणि दोन मिनिटांत लेन्ससमोर त्यांचा ढग जमतो, म्हणून चित्र घेऊन झाले की दिवा मंद करावा. शिकणाऱ्याला या दिव्यांचा एक फायदा नक्की आहे: प्रकाश कुठे पडतो आणि कण कुठे चमकतात हे बटण दाबण्याआधीच डोळ्यांना दिसते. विमानाने अंदमानला जाणाऱ्यांनी सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्यात, त्या चेक-इन सामानात चालत नाहीत. १०० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

दिवाच न घेणे हाही एक पर्याय आहे, आणि पहिल्या-दुसऱ्यांदा समुद्रात उतरणाऱ्यांना मी तोच सुचवतो. पंधरा मीटरच्या आत, सूर्य पाठीशी ठेवून, किंचित खालच्या दिशेने फोटो काढला तर लेन्सवर लाल फिल्टर लावून रंग बऱ्यापैकी सावरता येतात; त्या खोलीवर पांढऱ्या पाटीवरून व्हाइट बॅलन्स हाताने ठरवावा आणि खोली बदलली की पुन्हा ठरवावा. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात ठेवले तर घरी आल्यावरही पुष्कळ करता येते, पण जो लाल प्रकाश सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो संगणक निर्माण करू शकत नाही, तिथे फक्त गढूळ गुलाबी दाणे वर येतात. लाल फिल्टर आणि फ्लॅश मात्र एकत्र वापरू नयेत. जवळचे सगळे कुंकवासारखे लाल होते. जहाजाचा सांगाडा किंवा व्हेल शार्क अशा मोठ्या विषयांना तर नैसर्गिक प्रकाशच शोभतो, कारण दहा मीटर लांबीच्या देहाला मीटरभर पोचणारा प्रकाश काय करणार.

नैसर्गिक प्रकाशाचा अभ्यास करायला नाशिककराला समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांत दगडी बांधणीच्या जुन्या विहिरी आहेत. पावसाळा संपून गाळ खाली बसला की त्यांतल्या काहींचे पाणी मालवणपेक्षा स्वच्छ असते. मालकाची परवानगी घेऊन, सोबत प्रशिक्षित डायव्हर आणि काठावर दोर धरून माणूस ठेवून, दोन-तीन मीटर खाली जावे आणि लेन्स वर करावी. पाण्याखालून पाहताना बाहेरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या एका वर्तुळात गोळा झालेले दिसते; पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो त्याचा हा परिणाम आहे. फिशआयमध्ये ते वर्तुळ अख्खे मावते: काठावरचा रहाट, डोकावणारी माणसे, आंब्याची फांदी, आणि भोवती काळेभोर पाणी. एक्स्पोजर त्या वर्तुळावरून ठरवावे, म्हणजे आकाश पांढरे पडत नाही. दुपारी अकरा ते एकच्या दरम्यान उन्हाचा तिरका खांब पाण्यात उतरतो आणि भिंतीच्या दगडांवरून सरकत जातो. त्या वेळी पोहणाऱ्याचा चेहरा दिसावा एवढ्यापुरता एकच स्ट्रोब, अगदी कमी ताकदीवर आणि डिफ्यूजर लावून, वापरावा. इथे प्रखर दिवा लावून पाहिला तर उन्हाचा खांब नाहीसा होतो, दगडांवरचे शेवाळ तेवढे चमकते आणि विहीर न्हाणीघरासारखी दिसू लागते.

स्ट्रोबच्या मांडणीचा सराव जलतरण तलावात परवानगी काढून करता येतो. तळाशी लाल-पिवळी प्लास्टिकची फुले वजन बांधून ठेवावीत आणि तीस सेंटिमीटर, एक मीटर, दोन मीटर अशा अंतरांवरून तोच फोटो घेत जावे. वर लिहिलेला लाल रंगाचा हिशेब तिथे डोळ्यांनी दिसतो. शिवाय लांब दांड्या घेऊन तरंगण्याची सवय होते, आणि तिला मी प्रकाशयोजनेइतकेच महत्त्व देतो. आपली पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. नजर व्ह्यूफाइंडरमध्ये असताना पसरलेल्या दांडीचे टोक मागच्या पोवळ्याला लागते आणि कित्येक वर्षांत वाढलेली फांदी मोडते. ज्याला दोन मीटर पसरलेला सरंजाम घेऊन एका जागी स्थिर राहता येत नाही त्याने आधी तरंगणे शिकावे आणि तोवर छोट्या कॅमेऱ्यावर समाधान मानावे. माशांच्या तोंडावर सलग फ्लॅशचा मारा करणेही बरे नव्हे; दोन-तीन फोटोंत साधले नाही तर पुढे सरकावे.

संपादक महाशय, आपल्याकडे माझी विनंती दोन गोष्टींची आहे. त्या विधानाखाली एक छोटी दुरुस्ती छापावी, म्हणजे या सुट्टीत खरेदीला निघालेले वाचक निदान कोणत्या पाण्यात आणि किती अंतरावरून फोटो काढणार हे ठरवून मगच दिव्याकडे वळतील. दुसरे असे की आपल्या पुरवणीत पाण्याखालची छायाचित्रे वरचेवर येतात, पण त्यांच्याखाली केवळ ठिकाणाचे नाव असते. त्यासोबत खोली, विषयापर्यंतचे अंदाजे अंतर, प्रकाश सूर्याचा की स्ट्रोबचा, स्ट्रोब असल्यास किती आणि कोणत्या बाजूला, आणि संगणकावर रंग वाढवले असल्यास तेही, एवढे एका ओळीत दिले तर जागा फारशी जाणार नाही. पुढच्या महिन्यातल्या कोकण विशेष पानापासून ही पद्धत सुरू करता आली तर पाहावे.

आपला,
एक वाचक
गंगापूर रोड, नाशिक